साडेनऊची नदी

"पुराच्या पाण्यात मजा म्हणून कोण उतरतं बे?"

अप्पांनी दादाला एवढंच विचारलं आणि आमच्या राफ्टिंगच्या प्लॅनमधली निम्मी हवा तिथेच गेली.

तुमच्याही घरात हे होत असणार. तुम्ही आणि तुमची भावंडं पुण्या-मुंबईत नोकरीला, आई-वडील गावी. सहा महिन्यांतून एकदा सगळ्यांना एकदमच उमाळा येतो, की आता सगळ्यांनी मिळून कुठंतरी जायचंच. मग व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघतो, त्याला 'फॅमिली ट्रिप फायनल' असं नाव पडतं आणि ट्रिप सोडून बाकी सगळं फायनल होतं. आमच्याकडे वहिनीला महाबळेश्वर हवं होतं, आईला गाणगापूर आणि सहावीतल्या पुतण्याला 'वायफाय असेल ते कुठलंही'. दादा हिंजवडीत दिवसाचे दहा तास स्क्रीनसमोर बसतो, त्याला 'थ्रिल' हवं होतं. त्याच्या ऑफिसमधली गँग कोलाडला राफ्टिंग करून आली होती. त्यांचे फोटो बघून साहेब पेटले होते.

अप्पा मात्र ढिम्म. आणि त्याला कारणही तसंच होतं.

अप्पांची अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. बाकीच्या पोरांचे बाबा पावसाळ्यात लवकर घरी येऊन भजी खायचे. आमचे अप्पा पावसाळा लागला की घरातून गायब! उजनी भरत आली की पूर नियंत्रणाची ड्युटी. वरून किती क्युसेक आलं, खाली किती सोडलं, नदीकाठच्या कुठल्या गावाला कधी कळवलं, याच्या नोंदी. २००६, २०१९, २०२० ही भीमेच्या मोठ्या पुरांची सालं त्यांना आमच्या वाढदिवसांपेक्षा पक्की पाठ आहेत. 'नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे' हे वाक्य आयुष्यभर लिहून पाठवणाऱ्या माणसाला आम्ही म्हणत होतो, चला अप्पा, फुगलेल्या नदीतून रबरी बोटीत बसून जाऊ. तेही माणशी पैसे मोजून!

पण पुतण्याने बॉम्ब टाकला. "आजोबा, तुम्ही घाबरता का पाण्याला?"

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "घाबरत नाही. ओळखतो," म्हणाले. आणि मग जरा वेळाने, "कुठली नदी म्हणालास?"

"कुंडलिका."

"पुंडलिक आपला," आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ही कुंडलिका कुठली आणि?"

पाणी येण्याचा दिवस

सोलापूरचं आणि पाण्याचं नातं जरा विचित्र आहे, ते बाहेरच्यांना पटकन कळत नाही. आमच्या घरात कॅलेंडरवर दोनच गोष्टींना गोल असायचा, गॅसचा नंबर आणि पाणी येण्याचा दिवस. चार-पाच दिवसांनी एकदा नळ यायचा. तोही कधी पहाटे, कधी रात्री दोनला. त्या दिवशी आई कुठल्याही लग्नाला गेलेली मला आठवत नाही. पिंप, बादल्या, हंडे, शेवटी कुकरचं भांडंसुद्धा भरून ठेवायचं. पुण्यात हॉस्टेलला आल्यावर मी पहिल्या दिवशी दोन बादल्या भरून बेडखाली ठेवल्या होत्या. रूममेट अजून हसते.

याच जिल्ह्यात उजनी आहे. भीमेवरचं हे धरण पूर्ण भरलं की त्यात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या वर, मृतसाठा. म्हणून तर उन्हाळ्यात आमच्याकडे 'उजनी मायनसमध्ये गेली' अशी बातमी येते आणि सोलापूरकर शेअर बाजार पडल्यासारखे चेहरे करून फिरतात. पावसाळ्यात तीच उजनी ओसंडते आणि पंढरपूरच्या घाटांवर पाणी चढतं. म्हणजे उन्हाळ्यात नाही म्हणून रडायचं आणि पावसाळ्यात आलं म्हणून पळायचं. मधलं असं काही आमच्या वाट्याला फारसं येत नाही.

त्यामुळे पाण्यात 'खेळायचं' ही कल्पनाच आमच्या घरात नवी होती. तरी शेवटी २०२५ च्या जुलैमधला एक शुक्रवार ठरला. आई-अप्पा सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्यात उतरले. सोबत कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे आणि कशालाही लागलं तर असावं म्हणून सोलापुरी चादर. राफ्टिंगला चादर! पण ती चादर पुढे कामाला आली, म्हणून मी आता त्यावर जोक करत नाही.

मुळशीचं वळण

शनिवारी पहाटे पाचला आम्ही पुण्यातून निघालो. चांदणी चौक, पिरंगुट, पौड आणि मग ताम्हिणीचा रस्ता. हा रस्ता पावसात ज्याने बघितला नाही त्याने पुण्यात राहून काय केलं, असं मी बिनधास्त म्हणेन. डोंगरावरून ठिकठिकाणी पांढऱ्या रेघा उतरत असतात, ढग थेट गाडीच्या काचेवर येऊन टेकतात आणि एका बाजूला मुळशीचा जलाशय लांबच लांब सोबत करतो. वहिनी खिडकीतून फोटो काढत होती. अप्पांनी दादाला गाडी थांबवायला सांगितली.

"हे पाणी कुठं जातं, सांग बघू," त्यांनी पुतण्याला विचारलं.

"समुद्रात."

"कुठल्या?"

इथे आम्ही तिघं पदवीधरसुद्धा गप्प झालो. आणि मग भर पावसात, छत्रीखाली, अप्पांनी जो क्लास घेतला त्याने माझं डोकं गरगरलं.

मुळशीचं धरण मुळा नदीवर आहे. मुळा पूर्वेकडे वाहते. पुण्यात संगमावर मुठेला भेटते, पुढे ते पाणी भीमेत जातं, भीमा उजनीत, उजनीतून पंढरपूर आणि मग आमचा सोलापूर जिल्हा. म्हणजे या डोंगरावर पडलेल्या पावसाला त्याच्या मनासारखं जाऊ दिलं, तर त्याने आमच्याकडेच यायचं. पण तसं होत नाही. मुळशीचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिम बाजूला नेलंय. तिथून ते मोठ्या पाइपांतून सुमारे ५०० मीटर खाली कोकणात, भिऱ्याच्या वीजघरावर पडतं. टाटांचं हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. वीज करून बाहेर पडलेलं पाणी खाली पुन्हा अडवतात, रवाळज्याला त्याच्यावर आणखी एकदा वीज करतात आणि मग ते कुंडलिकेत जातं. तिथून रोहा, रेवदंडा, अरबी समुद्र.

"आणि ह्या तळ्याखाली गावं आहेत," अप्पा म्हणाले. "पन्नासच्या आसपास. मावळ्यांची. भातशेती होती. सेनापती बापटांना सेनापती का म्हणतात? इथल्या सत्याग्रहामुळे. १९२१ ते २४."

शाळेत 'मुळशी सत्याग्रह' आम्ही एका मार्काला पाठ केला होता. तो याच पाण्याखाली आहे, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. आपण दर वीकएंडला इथे मक्याचं कणीस खायला थांबतो.

पुतण्याने सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला. "मग आजोबा, आपण ज्या नदीत चाललोय, तिच्यातलं पाणी आपलं आहे?"

अप्पा काहीच बोलले नाहीत. गाडीत जाऊन बसले.

यांचा पुंडलिक

ताम्हिणी घाट उतरून विळ्याहून कोलाडच्या रस्त्याला लागलो आणि साडेआठच्या सुमाराला साजे गावाजवळ नदीवर पोचलो. मला आधी वाटलं, चुकीच्या ठिकाणी आलो. नदी होती, पावसाळ्यातली गढूळही होती, पण तिच्यात जागोजागी काळे खडक वर आलेले. यात बोट जाणार कशी?

"पाणी सुटलंय, येईल आता," आमचा गाइड म्हणाला. इथल्याच गावातला पोरगा, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. "साडेनऊपर्यंत."

साडेनऊची लोकल ऐकली होती, साडेनऊची नदी पहिल्यांदाच! कोलाडच्या राफ्टिंगची मजा हीच आहे. वर वीज तयार करायला पाणी सोडलं की नदी फुगते आणि त्या फुगण्यावर बोटी सुटतात. म्हणूनच इथे पावसाळा नसतानाही राफ्टिंग होतं. महाराष्ट्रातल्या बाकीच्या नद्या उन्हाळ्यात गोट्यांचा ढीग होऊन पडतात, तेव्हाही ही सकाळी पाण्याने भरते. वेळ मात्र पाणी सोडणाऱ्यांच्या हातात. तुमच्या ब्रेकफास्टच्या वेळेवर नदी थांबत नाही.

अप्पांनी गाइडला पहिला प्रश्न टाकला. "किती क्युसेक?"

पोरगा गोंधळला. "काका, ते आकड्यात नाही सांगता येणार. पण तो समोरचा खडक दिसतोय ना, बसलेल्या म्हशीसारखा? तो बुडाला की निघायचं. आणि त्याच्या पलीकडचं ते झाड आहे ना, त्याच्या बुंध्याला पाणी लागलं की आजचा दिवस बंद."

अप्पांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. पंढरपुरात चंद्रभागेच्या वाळवंटात पुंडलिकाचं मंदिर आहे. पूर किती चढला हे तिथला माणूस आकड्यात सांगत नाही, पुंडलिकाचं मंदिर किती बुडालं ते सांगतो. "हा यांचा पुंडलिक," अप्पा म्हशीकडे बोट दाखवून आईला म्हणाले.

मग त्यांनी दुसरा प्रश्न टाकला. धरणातून पाणी सुटलंय आणि त्यात वरून मुसळधार पाऊस लागला, तर?

"तर बोट काढत नाही. रेड अलर्ट असला की बंदच असतं. लोक भांडतात, पुण्याहून आलो, मुंबईहून आलो, पैसे भरलेत. भांडू दे. आम्हाला रोज इथंच राहायचंय."

दादाने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता अप्पा म्हणणार, बघा, तोच सांगतोय. पण ते उलटंच बोलले. "हा नाही म्हणू शकतो. मग याच्याबरोबर जायला हरकत नाही." आणि त्यांनी चप्पल काढली.

लाइफ जॅकेट घालताना अप्पा एकदम सरकारी इन्स्पेक्शनला आल्यासारखे वागत होते. प्रत्येकाची बक्कलं ओढून बघितली. माझं ढिलं निघालं, तर "हे काय, ओढणी घेतलीस होय?" म्हणून आवळलं. वयाचं, हार्टचं, बीपीचं गाइडने विचारून घेतलं. बीपी आईला आहे. (अप्पांना नाही, म्हणून आईला आहे, असं ती म्हणते.) त्यामुळे आई आणि वयात न बसणारा पुतण्या गाडीने शेवटच्या पॉइंटला जाणार होते. पुतण्या चिडला, रुसला, पण गाइड म्हणाला, चौदाशिवाय नाही, आणि आजोबांनी त्याच्याच बाजूने मान हलवली.

मग ब्रीफिंग. हे मन लावून ऐका बॉस, सेल्फी नंतर. पॅडलच्या वरच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ असते, ती हातातून सोडायची नाही. सोडली तर शेजाऱ्याचा दात जातो. बोटीच्या कडेवर बसायचं आणि पाय फुगलेल्या नळीखाली घट्ट अडकवायचे. 'फॉरवर्ड' म्हटलं की पुढे वल्हवायचं, 'बॅक' म्हटलं की उलटं, 'स्टॉप' म्हटलं की थांबायचं आणि 'गेट डाउन' म्हटलं की खाली बसून दोरी धरायची. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पाण्यात पडलात तर उभं राहायचा प्रयत्न करायचा नाही. पाठीवर व्हायचं, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेला आणि पृष्ठभागावर. कारण उभं राहिलं की पाय खडकांत अडकतो आणि मागून येणारं पाणी माणसाला तिथेच आडवं दाबून टाकतं.

"कमरेएवढ्या पाण्यातपण?" वहिनीने विचारलं.

"कमरेएवढ्या पाण्यातच जास्त," गाइड आणि अप्पा दोघंही एकदम म्हणाले.

साडेनऊ वाजत आले. नदीचा आवाज बदलला. आधी खळखळ होती, ती हळूहळू भरून आली. खडक एकेक करून गेले, आणि मग म्हैस बुडाली. आईने पर्समधून हळदीकुंकवाची पुडी काढून नदीला वाहिली. आम्ही निघालो.

फॉरवर्ड!

पहिली पाच मिनिटं मला वाटलं, हे तर सारसबागेतलं तळं आहे. दोन्ही काठांना हिरवी झाडी, वर ढग, पाणी मऊसूत. दादा मागे बसून ऑफिसची ट्रेनिंग आठवून 'टीमवर्क, टीमवर्क' असं काहीतरी बडबडत होता.

मग पहिला रॅपिड आला.

नदीतल्या रॅपिड्सना एक ते सहा ग्रेड असतात. एक म्हणजे पाळणा, सहा म्हणजे जीव नको असलेल्यांसाठी. कुंडलिकेचे बरेचसे दोन आणि तीनमधले. ऐकायला काहीच वाटत नाही. पण समोर पाण्याची भिंत उभी राहते, बोटीचं नाक तिच्यात घुसतं आणि अख्खी बादली तुमच्या तोंडावर बसते, तेव्हा ग्रेडबिड कुणाला आठवत नाही. गाइड लोकांनी या रॅपिड्सना नावंही भन्नाट दिलीत. 'मॉर्निंग हेडेक', 'बूम शंकर', 'राजधानी एक्स्प्रेस'. वहिनी, जी एरवी ऑफिसच्या कॉलवर हळू आवाजात बोलते म्हणून सगळे तिला 'म्यूट' म्हणतात, ती इतक्या जोरात किंचाळली की काठावरचे बगळे उडाले.

आणि अप्पा? ते पुढच्या सीटवर. त्यांच्या चेहऱ्यावर मी असं काही बघितलं, जे आधी कधी बघितलं नव्हतं. ते हसत नव्हते. ते पाणी वाचत होते. "उजवीकडं खडक आहे, पाणी फुगलंय बघ तिथं," असं ते गाइडच्या आधी बोलायचे. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा गाइड म्हणाला, "काका, सुट्टीत येता का कामाला?"

मला गाइडने एक गोष्ट मधल्या शांत टप्प्यात सांगितली, ती ऑफिसात बसून ही ओळ वाचणाऱ्या प्रत्येकाने लिहून ठेवावी अशी आहे. रॅपिडमध्ये लोक घाबरून वल्हवणं थांबवतात. नेमकं तेव्हा वल्हवायचं असतं. पाण्यापेक्षा जोर लावून तुम्ही जिंकत नाही, पण वल्हं पाण्यात असलं तर बोट कुठल्या बाजूने न्यायची हे तरी तुमच्या हातात राहतं. वल्हं वर उचललं, की बोट नदीची.

हे ज्ञान मिळाल्यावर पुढच्याच रॅपिडला मी पडले.

कसं पडले? पाय नळीखालून निसटला, बस्स. लाटेला बघून मी दोन्ही हात वर करून ओरडत होते, म्हणजे वल्हंही वर आणि पायही सैल. एका सेकंदात आकाश, पाणी, परत पाणी. कानात नुसता घो-घो आवाज. आणि माझ्या शरीराने काय केलं सांगू? उभं राहायला पाय खाली सोडले. एवढं ब्रीफिंग ऐकून! गुडघा कशालातरी आपटला. तेव्हा वरून आवाज आला, नोकरीभर फोनवर कमावलेला, खणखणीत:

"पाय वर! पाठीवर हो! पाय वर!"

मी पाठीवर झाले. पाय पुढे आले. जॅकेटने मला उचललं. आणि एकदम सगळं सोपं झालं. नदी मला नेत होती, बुडवत नव्हती. दहा-बारा सेकंद असतील. बोट जवळ आली, अप्पांनी जॅकेटच्या खांद्याचे पट्टे दोन्ही हातांनी धरले, एकदा खाली दाबलं आणि मग झटक्यात मागे ओढलं. ब्रीफिंगमध्ये दाखवलं होतं, अगदी तस्सं. आम्ही दोघंही बोटीच्या तळाशी पडलो. त्यांचा चष्मा गेला होता.

"लागलं?" एवढंच त्यांनी विचारलं. मी मान हलवली. मग ते परत कडेवर जाऊन बसले, पाय अडकवले आणि गाइडला म्हणाले, "चला."

पुढच्या शांत पाण्यात गाइडने सगळ्यांना पाण्यात उतरायला सांगितलं, जॅकेटवर नुसतं तरंगायला. मी नाहीच म्हणाले. अप्पा उतरले! बासष्ट वर्षांचा माझा बाप, ज्याला मी कधी चंद्रभागेत घोट्याच्या वर गेलेलं बघितलं नव्हतं, तो पाठीवर पडून ढगांकडे बघत कोकणातल्या नदीतून चालला होता.

साधारण दीड-दोन तासांनी कामथजवळ बाहेर आलो. आई काठावर ती सोलापुरी चादर घेऊन उभी होती. माझ्या गुडघ्याला सुपारीएवढं टेंगूळ आलं होतं आणि मी थडथड कापत होते. जगातलं कुठलंही ब्रँडेड जॅकेट त्या चादरीच्या पासंगाला पुरणार नाही, हे मी लिहून देते.

भाकरी-चटणी खाताना पुतण्याने सकाळचा प्रश्न सोडला नव्हता. "आजोबा, सांगा ना. आपलं होतं का पाणी?"

अप्पांनी घास संपवला. "डोंगरावर पडलं तेव्हा कुणाचंच नव्हतं. खाली यायला लागलं की मालक तयार होतात. आपल्याला हवंच आहे ते. त्यासाठी भांडणारे भांडतात, भांडलंही पाहिजे. पण ह्या खालच्या गावांचीही शंभर वर्षं त्यावर गेली. शेती आहे, कारखाने आहेत, हा पोरगा आहे." मग गाइडकडे बघून म्हणाले, "चष्मा सापडला तर ठेवा. पाणी उतरल्यावर."

कुठल्याच टायमाला न येणारी

गोष्ट इथे संपली असती तर हा लेख नुसता 'वीकएंड कुठे जाल' टाइपचा झाला असता. पण सप्टेंबर आला.

सीना ही आमच्या जिल्ह्यातली तशी गरीब नदी. वर्षातले कितीतरी महिने तिच्यात पाणी शोधावं लागतं. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीला वरच्या जिल्ह्यांत धो-धो पाऊस झाला, धरणांतून विसर्ग वाढला आणि या गरीब नदीने करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतली गावंच्या गावं घेतली. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे हायवे बंद पडला. आम्ही पुण्यात, आई-अप्पा सोलापुरात आणि माझी आत्या माढा तालुक्यात, सीनेच्या काठच्या गावात. शाळेच्या गच्चीवर. ऊस, सोयाबीन, गोठा, सगळं पाण्याखाली.

एनडीआरएफ आणि लष्कराच्या बोटी जिल्ह्यात फिरत होत्या. आत्याच्या गावातही एक रबरी बोट आली. आत्या त्यात बसेना. पासष्ट वर्षांची बाई, जन्मात पोहली नाही, समोर लाल पाणी आणि खाली हलणारी रबराची नळी. "मी इथंच बरी," म्हणून भिंतीला धरून बसली. तिच्या मुलाने अप्पांना फोन लावून तिच्या कानाला दिला.

मी कॉन्फरन्सवर होते, म्हणून हे मला ऐकायला मिळालं. अप्पा एकदाही 'घाबरू नकोस' असं म्हणाले नाहीत.

"अक्का, ती बोट फुटत नाही. मी बसलोय तसल्या बोटीत. ते जॅकेट घालतील, बक्कल ओढून बघ, ढिलं असलं तर सांग. कडेवर बसू नको, तू मधे खाली बस. दोरी धर. काय झालं तरी उभी राहू नको. आणि समज पडलीस..." इथे त्यांचा आवाज जरासा अडकला, "पडलीस तर पाय वर. पाठीवर. जॅकेट उचलतं. माझी पोरगी पडली होती, तिला उचललं."

पलीकडे बराच वेळ नुसतं पाणी ऐकू येत होतं. मग आत्याचा आवाज. "बसते."

वीस मिनिटांनी ती रस्त्यावर होती.

कुंडलिकेला वेळापत्रक आहे. तिची म्हैस आहे, झाड आहे, 'आज नाही' म्हणणारा पोरगा आहे. सीनेला त्या आठवड्यात यातलं काही नव्हतं. तिच्यात मजा नव्हती, आणि कुणी तसं म्हणूही नये. पण पाणी अंगावर आल्यावर काय करायचं, हे माणसाला पूर येण्याआधीच कधीतरी, जॅकेट घालून, हसत-खिदळत शिकता येतं. अप्पांच्या प्रश्नाचं उत्तर मला तेवढंच सुचतं.

दिवाळीत आत्या आमच्याकडे आली होती. फराळ करताना वहिनीने तिला मोबाईलवर राफ्टिंगचे फोटो दाखवले. आत्या एकेक फोटो लांब धरून बघत राहिली.

"म्हणजे तुम्ही पैसे भरून बसलात होय रे बोटीत?" तिने अप्पांना विचारलं.

अप्पांनी नवा चष्मा पुसला. "पुढच्या खेपेला तू पण चल," म्हणाले.

जायचं असेल तर...

कसं जाल: पुण्याहून मुळशी-ताम्हिणी-विळे मार्गे गाडीने तीन-साडेतीन तास धरा, पावसात जास्तच. घाटात दरड पडल्याची बातमी आहे का, ते निघण्याआधी बघा. मुंबईकरांना मुंबई-गोवा हायवे, शिवाय कोकण रेल्वेचं कोलाड स्टेशन आहे. सोलापूरकरांनी पुण्यात मुक्काम करूनच जावं.

कधी: बोटी सकाळी, पाणी सुटल्यावर. एक दिवस आधी वेळ विचारून घ्या आणि तासभर आधी पोचा.

बुकिंग करताना विचारा: हेल्मेट आणि मापाचं जॅकेट आहे का? सोबत सुटका करणारी कयाक असते का? कुठल्या पातळीला बोट बंद करता? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'आम्ही कधीच बंद करत नाही' असं आलं, तर फोन ठेवा आणि दुसरीकडे करा.

काय न्याल: सुके कपडे, पायाला पट्ट्याने घट्ट बसणारे सॅंडल, चष्म्याला दोरी (आमचा अनुभव!). मोबाईल गाडीतच राहू द्या. आणि चादर. सोलापुरीच.